काळ्या पाण्याच्या दोन्ही तीरांवर

महाराष्ट्रात कुलवृत्तांतांची परंपरा मोठी आहे. अनेक घराण्यांनी आठ-आठ, दहा-दहा पिढ्यांच्या वंशावळी परिश्रमपूर्वक सिद्ध केल्या. मूळ गावे शोधली, कुलदैवते निश्चित केली, गावोगाव पांगलेल्या भाऊबंदांना पत्रे लिहून माहिती गोळा केली आणि ती ग्रंथरूपाने जतन केली. या ग्रंथांची पाने उलटताना एखाद्या नावापाशी मात्र रेघ अचानक थांबते. ‘परागंदा’, ‘देशांतरास गेला’, ‘पुढील माहिती नाही’ असे दोन-तीन शब्द, आणि त्यापुढे कोरी जागा.

परागंदा झालेल्यांपैकी कोणी संन्यास घेतला असेल, कोणी पलटणीत दाखल झाला असेल, कोणी पटकीच्या साथीत वाटेतच देह ठेवला असेल. परंतु त्यांतील काही जण कोठे गेले, हे त्या वेळी घरातल्या प्रत्येकाला पक्के ठाऊक होते. ते काळ्या पाण्यावर गेले होते. ठाऊक असूनही ते लिहिले गेले नाही. पुढच्या पिढीला ते सांगितले गेले नाही आणि त्यापुढच्या पिढीला ते खरोखरच ठाऊक राहिले नाही.

समुद्रापलीकडे मात्र काही नावांची रेघ पुढे चालू राहिली. अंदमानात जन्मठेपेच्या बंदिवानांची चौथी-पाचवी पिढी आज शेती, व्यापार आणि नोकऱ्या करीत सन्मानाने नांदत आहे. त्यांच्या वंशावळीचा आरंभच त्या बंदिवानापासून होतो. त्याच्यामागे कोण होते, कोणते गाव, कोणते घर, याविषयी अनेकांच्या घरी एखादा अर्धवट उच्चारलेला शब्द तेवढा शिल्लक आहे. इकडच्या वंशवृक्षाची फांदी तुटलेली आणि तिकडच्या वंशवृक्षाला मूळच नाही! हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवण्याचे काम समाजाने आजवर मनावर घेतलेले नाही. ते घ्यायला हवे, आणि त्याचा आरंभ इकडच्या तीरावरून व्हायला हवा.

शिक्षा एकाला, भोग घराला

१० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा इंग्रज अधिकारी २०० बंदिवानांना घेऊन अंदमानात उतरला. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरातील कैद्यांसाठी ही वसाहत तातडीने उभारण्यात आली होती. पुढे खून, दरोडा, बंडखोरी अशा नाना कलमांखाली शिक्षा झालेले लोक सर्व प्रांतांतून तेथे पाठविले जाऊ लागले. १८९६ मध्ये सेल्युलर कारागृहाच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि १९०६ मध्ये ते पूर्ण झाले. बंदिवानांची ही वसाहत अधिकृतपणे संपुष्टात आली ती १९४५ मध्ये. कायद्याच्या पुस्तकातील ‘द्वीपांतर’ हा शब्द जाऊन त्याजागी ‘आजन्म कारावास’ आला तो त्याहूनही उशिरा, १ जानेवारी १९५६ पासून.

मुंबई इलाख्यातील माणसे केवळ अंदमानातच गेली असे नाही. १८१५ नंतरच्या दोन दशकांत येथील बंदिवान मॉरिशसलाही पाठविले गेले. सिंगापूर, पिनांग येथील वसाहतींतही भारतीय बंदिवानांची रवानगी होई. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांच्याच हातांनी उभे राहिले. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना एडनला नेण्यात आले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. ‘काळे पाणी’ म्हणजे केवळ एक बेट नव्हते. घरच्यांच्या नजरेपलीकडचा तो सगळा प्रदेश होता.

बंदिवान तेथे उतरला की त्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला अडकविला जाई. त्यावर त्याचा क्रमांक, कलम, शिक्षेचा दिनांक आणि सुटकेचा दिनांक असे. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा क्रमांक ३२७७८ आणि सुटकेचे वर्ष १९६० होते, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु सावरकरांच्या आधी ज्या हजारोंच्या गळ्यात असे बिल्ले पडले, त्यांची नावे कोणाच्या स्मरणात आहेत? माणसाचे नाव पुसून क्रमांक देणे हे साम्राज्याचे काम होते. ते नाव पुन्हा लिहिणे हे कोणाचे काम?

आणि शिक्षा त्या एकालाच झाली असे म्हणणेही खरे नव्हे. भारतीय दंडविधानाच्या ६१ व ६२ या कलमांन्वये मालमत्ता जप्त करण्याची तरतूद १९२१ पर्यंत अस्तित्वात होती. कर्ता पुरुष समुद्रापार आणि घरावर जप्ती, असा दुहेरी घाला अनेक कुटुंबांवर पडला. न्यायालयाने पतीला जन्मठेप ठोठावली, तेव्हा उंबरठ्याच्या आतल्या माणसांची शिक्षाही त्याच दिवशी सुरू झाली. तिची नोंद मात्र कोणत्याही निकालपत्रात नाही.

ना सधवा, ना विधवा

मागे राहिलेल्या पत्नीची स्थिती काय असेल, याचा विचार इतिहासलेखनात क्वचितच झाला आहे. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला; पण ही स्त्री विधवाही नव्हती. पती जिवंत होता. निदान जिवंत असावा, असे मानणे भाग होते. ज्या समाजांत पाट लावण्याची चाल होती, तेथे पंचांच्या संमतीने काही जणींना नवे घर मिळाले असेल. उच्चवर्णीय मानल्या गेलेल्या घरांत तोही मार्ग नव्हता. कपाळी कुंकू आणि वाट्याला वैधव्य, असे तिचे जिणे होते.

धर्मशास्त्राने बेपत्ता माणसासाठी एक वाट सांगितली होती. बारा वर्षे म्हणजे एक तपभर वार्ता न आल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा. पालाशविधी म्हणतात तो हाच. त्यानंतर तो माणूस परत आलाच, तर त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे, कारण समाजाच्या लेखी तो मृत झालेला असे. पतित ठरलेल्यासाठी याहूनही कठोर विधी होता. त्याच्या नावाने पाण्याचा घट लवंडून त्याला जिवंतपणीच मृत मानले जाई. आज विवाहविच्छेदासाठी सर्रास वापरला जाणारा ‘घटस्फोट’ हा शब्द त्याच विधीतून आला आहे. शब्दाचा हा मूळ अर्थ आज विस्मरणात गेला असला, तरी त्या घटाच्या खापऱ्या कित्येक वंशावळींच्या कोऱ्या जागांत पडलेल्या आहेत.

सावरकर घराण्याची कथा सर्वांना परिचित आहे. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली. मागे राहिल्या येसूवहिनी. पतीच्या भेटीसाठी त्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि १९१९ मध्ये भेटीवाचूनच त्यांनी जगाचा निरोप घेतला. बंदिवानाला घरी वर्षाकाठी एक पत्र धाडण्याची मुभा असे. या घराण्यात लिहिते हात होते, पत्रे जपणारी माणसे होती, म्हणून येसूवहिनींचे दुःख महाराष्ट्राला कळले. ज्या घरांत पत्र लिहिणारा कोणी नव्हता आणि आलेले पत्र वाचणाराही कोणी नव्हता, त्या घरांतील येसूवहिनींचे काय? त्यांची संख्या किती असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

बेटावर उगवलेला समाज

पलीकडच्या तीरावर काय घडले? काही वर्षे चांगल्या वर्तणुकीत काढली की बंदिवानाला बराकीबाहेर राहण्याचा परवाना मिळे. तो शेती करू शके, गुरे पाळू शके, धंदा करू शके. देशातून पत्नी-मुलांना बोलावून घेण्याचीही मुभा त्याला असे. सरकारने तसे प्रयत्नही केले, कारण कुटुंबवत्सल माणूस बंड करीत नाही, हा हिशेब इंग्रजांना चांगला कळत होता. परंतु फारच थोडी कुटुंबे गेली.

ती का गेली नाहीत, याचे उत्तर हिंदू समाजाने स्वतःलाच विचारायला हवे. प्रवासाची भीती होती, दारिद्र्य होते, निरोपच न पोहोचणे होते. हे सगळे खरे. पण त्या सर्वांच्या मुळाशी सिंधुबंदी होती. समुद्र ओलांडला की जात गेली, ही ती बेडी! पतीमागे जाणे म्हणजे माहेर, सासर, पंगत, लेकीबाळींची लग्ने या सर्वांवर पाणी सोडणे. रामामागे वनात गेलेल्या सीतेचे गुणगान नित्य करणाऱ्या समाजाने या सीतांची वाट अडविली. सावरकरांनी पुढे ज्या सात बेड्या तोडण्याचे आवाहन केले, त्यांत सिंधुबंदी आणि शुद्धिबंदी यांचा समावेश होता. हा विचार केवळ पुस्तकांतून आलेला नव्हता. अंदमानात त्यांनी या बेड्यांनी केलेला संहार डोळ्यांनी पाहिला होता.

पत्नी आली नाही, तेव्हा बंदिवानाने बेटावरच संसार मांडला. तेथे स्त्री-बंदिवानही होत्या. संख्येने अल्प, पण होत्या. सरकारच्या परवानगीने त्यांच्याशी विवाह होऊ लागले. पंजाबचा पुरुष आणि बंगालची स्त्री, कोकणातला पुरुष आणि अवधची स्त्री असे संसार उभे राहिले. बेटावर ब्राह्मण कोण आणि शूद्र कोण, हे पाहण्याची सोयच उरली नव्हती. धर्माच्या सीमाही काही घरांत पुसट झाल्या. या संसारांतून जन्मलेल्या मुलांना ‘लोकल बॉर्न’ म्हणजे स्थानिक-जात असे नाव पडले. हिंदुस्थानी ही त्यांची घरची भाषा झाली. मूळ भाषा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत ओठांवरून गेली. रोटीबंदी आणि बेटीबंदी तोडण्यासाठी मुख्य भूमीवर सुधारकांनी आयुष्ये वेचली. ती काळ्या पाण्यावर, कोणतेही भाषण न होता, गळून पडली होती! हे श्रेय त्या समाजाला आजही कोणी मनमोकळेपणाने दिलेले नाही.

येथे एक तुलना बोलकी आहे. १९२१ च्या मोपला बंडातील बंदिवान अंदमानात आणले गेले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे आपली कुटुंबे तेथे नेली. दक्षिण अंदमानात आज मंजेरी, तिरूर, कालिकत, मन्नारघाट अशी मलबारातील गावांची नावे धारण करणारी गावे आहेत. कुटुंब बरोबर आले, म्हणून गावाचे नावही बरोबर आले आणि भाषाही टिकली. जे एकटे गेले, त्यांच्यामागे ना गावाचे नाव उरले, ना भाषा.

कागद आहेत, वाचणारे हवेत

आता इतक्या वर्षांनी शोध लागणार तरी कसा, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्तच आहे. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या जपानी ताब्याच्या काळात बेटावरील जुन्या दप्तराची मोठी हानी झाली. परंतु इंग्रजांची राजवट ही कागदांची राजवट होती. एकाच गोष्टीची नोंद ती अनेक ठिकाणी करी. अंदमानविषयीचा गृहखात्याचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याची सूची आता ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. मुंबई इलाख्याच्या न्यायखात्याची दप्तरे राज्याच्या पुराभिलेखागारात आहेत. शिक्षा कोणत्या न्यायालयाने दिली हे कळले, की शोधाचा परीघ एका जिल्ह्यापुरता होतो.

बंदिवानाबरोबर जाणाऱ्या वर्णनपत्रकात त्याचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, वय, अंगावरच्या खुणा असा तपशील असे. मात्र तो वाचायला जाणता डोळा हवा. इंग्रज कारकुनाने कानाला जे ऐकू आले ते लिहिले. आडनाव बहुधा नसेच. ‘अमुक बिन तमुक’ अशी नोंद असे. हा ‘बिन’ पाहून माणूस मुसलमान होता असा समज करून घेणे ही नेहमी होणारी चूक. जुन्या मराठी दप्तरांत कुणबी-मराठ्यांची नावेही सर्रास तशीच लिहिलेली आढळतात. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव ही गावे तर तालुक्यागणिक सापडतात. तेव्हाचा कुलाबा जिल्हा आज रायगड आहे. खानदेश एकच होता, तो १९०६ मध्ये विभागला गेला. हे ठाऊक नसेल तर शोध चुकीच्या गावच्या वेशीवर जाऊन थांबतो.

इकडच्या बाजूने गावपातळीवरची कागदपत्रे आहेत. कोतवाल पुस्तकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने उतारे, जप्तीचे कागद. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. गावावरून आणि आडनावावरून पाच-सहा पिढ्यांची नावे सांगणारी ती वही म्हणजे हिंदू समाजाचे अलिखित घटनेइतकेच जुने अभिलेखागार होय. यांतील बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत आणि मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे उरले आहेत, ही अडचण खरी. पण २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने जुनी दप्तरे उघडली, मोडी जाणकारांना पाचारण केले आणि ज्या कागदांना वर्षानुवर्षे कोणी हात लावला नव्हता ते लाखोंच्या संख्येने प्रकाशात आले. निकड वाटली की कागद सापडतात, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले आहे. प्रश्न निकड वाटण्याचा आहे.

कलंक आणि किताब

जगात या बाबतीत एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने सुमारे १ लाख ६२ हजार बंदिवान ऑस्ट्रेलियात पाठविले. त्यांच्या वंशजांनी दीर्घकाळ ही गोष्ट दडवून ठेवली. टास्मानियाने तर १८५६ मध्ये आपले जुने नावच टाकून दिले. बंदिवानांच्या वसाहतीची आठवण नको, हेही त्यामागचे एक कारण होते. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. जो कलंक होता तोच अभिमानाचा विषय झाला. बंदिवानांच्या नोंदवह्या सर्वांसाठी खुल्या झाल्या, २००७ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतिठेव्याचा मान दिला. आज तेथील सामान्य नागरिक त्या नोंदींच्या आधारे इंग्लंड-आयर्लंडमधील खेड्यांपर्यंत पोहोचतो. आपल्या पूर्वजाने मागे कोणाला सोडले, त्या पत्नीने त्याच्यामागे येण्यासाठी अर्ज केला होता का, तिची मुले पुढे कोठे गेली, हे शोधून काढतो. चोरीच्या गुन्ह्यात हद्दपार झालेला पूर्वज त्याला चालतो. पूर्वज होता हेच त्याला पुरेसे वाटते.

महाराष्ट्रात ही चळवळ उभी करताना एक मोह टाळावा लागेल. काळ्या पाण्यावर गेलेला प्रत्येक जण क्रांतिकारक होता, असे मानण्याचा मोह. तसे नव्हते. बांधावरून झालेल्या मारामारीत खून करणारे होते, दुष्काळात धान्याचे कोठार लुटणारे होते, अट्टल दरोडेखोर होते आणि खोट्या साक्षीने अडकलेलेही होते. शोध घेणाऱ्याच्या पदरात काय पडेल, हे आधी सांगता येत नाही. जे पडेल ते स्वीकारण्याची तयारी असेल, त्यानेच शोधाला हात घालावा. देशभक्तांच्या मालिकेत खोटे नाव घुसडणे हा खऱ्या देशभक्तांचा अवमान आहे. आणि आजोबा गुन्हेगार निघाले म्हणून त्यांचे नाव पुन्हा पुसणे हा दुसऱ्यांदा फोडलेला घट आहे. ज्या पत्नीने वीस-पंचवीस वर्षे वाट पाहिली, ती कलम पाहून वाट पाहत नव्हती.

परतीची वाट

हे काम शासनाच्या एखाद्या समितीवर सोपवून होणारे नाही. ज्या कुलमंडळांनी वंशावळी सिद्ध केल्या, त्यांनी पुढील आवृत्तीपूर्वी आपल्या ‘परागंदा’ नावांची स्वतंत्र यादी करावी. जिल्ह्याजिल्ह्यातील इतिहासप्रेमी मंडळांनी जुन्या सत्र न्यायालयांच्या निकालांतून जन्मठेपेवर गेलेल्यांची गाववार सूची करावी. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात; त्यांतील विद्यार्थ्यांना सरावासाठी हेच कागद द्यावेत. दरवर्षी मराठी पर्यटक मोठ्या संख्येने अंदमानला जातात. सेल्युलर कारागृहात सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होतात. पोर्ट ब्लेअरचे २०२४ पासून श्री विजयपुरम झालेले ते नगर पाहून परततात. त्यांनी कारागृहाच्या भिंतीबाहेर वसलेल्या स्थानिक-जात समाजाशी चार शब्द बोलावेत. त्या समाजाचे पूर्वजही त्याच बोटींनी आले होते.

या कामात संयमही हवा. कोणाच्या घरातील गोष्ट त्यांच्या इच्छेविरुद्ध चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार कोणालाही नाही. जमिनीत नवा वाटेकरी येईल, ही इकडच्या भाऊबंदांची शंका; तुमची आजी धर्मपत्नी नव्हती असे कोणी म्हणेल, ही तिकडच्या नातवंडांची धास्ती. दोन्ही शंकांना एकच उत्तर आहे. हा शोध वाटणीसाठी नाही आणि निवाड्यासाठीही नाही. एका माणसाचे दोन संसार परकीय सत्तेने आणि स्वकीय रूढीने घडविले. त्या दोन्ही घरांतील लेकरे निर्दोष होती आणि दोन्ही घरांतील स्त्रिया तितक्याच सन्मानाला पात्र आहेत.

सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांच्याही नावे पाणी सोडण्याची रीत आहे. ज्या समाजाने ती घालून दिली, त्याला हरवलेल्या माणसांची आठवण नको होती, असे म्हणता येणार नाही. शोध पूर्ण झाला की वंशावळीतील ‘परागंदा’ हा शब्द खोडून तेथून एक रेघ समुद्रापार काढता येईल. त्या रेघेच्या टोकाला बंदिवानाचे नाव मिळेल, क्रमांक मिळेल, त्याच्या बेटावरच्या मुलाबाळांची नावे मिळतील. ती सगळी सरकारी दप्तरात आहेत. इकडे मागे राहिलेल्या त्याच्या पत्नीचे नाव मात्र कोणत्याही दप्तरात सापडण्याची शाश्वती नाही. ते असलेच तर घरातल्या एखाद्या वृद्धेच्या आठवणीत, एखाद्या ओवीत, एखाद्या जुन्या भांड्यावर कोरलेले असेल. शोधाला निघणाऱ्याने दिल्लीला किंवा अंदमानला पत्र धाडण्यापूर्वी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसावे आणि तिचे नाव विचारून घ्यावे. नव्या वंशावळीची पहिली ओळ तीच असावी.